‘वाचले, भा.’

जबाब

दिनांक १८ मार्च २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.
ठिकाण : पोलीस ठाणे, छत्रपती संभाजीनगर शहर.
अर्जदार सुदर्शन आप्पासाहेब गायके, रा. दौलताबाद, यांच्या तक्रारी अर्जाच्या चौकशीकामी.

नाव : भानुमती भ्र. अनंतराव सेलूकर, वय ६४ वर्षे, धंदा : सेवानिवृत्त मुद्रितशोधक, रा. उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर.

मी समक्ष हजर होऊन सांगते की, मला पोलिसांनी अजून बोलावलेलं नव्हतं. मी आपण होऊन रिक्षानं आले आहे. सोबत तीन फायली आणल्या आहेत. त्यांत ६११ कागद आहेत आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी माझी सही आहे. या फायली कोणी मागितल्या नव्हत्या.

धंद्याच्या रकान्यात हवालदार राजकुमार यांनी आधी ‘घरकाम’ लिहिलं होतं. मी हरकत घेतली. मुद्रितशोधक म्हणजे छापण्याआधी मजकूर वाचून त्यातल्या भाषेच्या चुका काढणारा माणूस, एवढं समजावून सांगितल्यावर त्यांनी ते खोडून दुरुस्त केलं आणि खोडलेल्या जागी माझी सही घेतली. जबाबात काही खोडलं तर देणाऱ्यानं तिथं सही करायची असते असं त्यांनी सांगितलं. ही पद्धत मला आवडली. जबाब मी बोलते तसाच लिहावा, मध्ये ‘सदर इसम’ आणि ‘सदर बाब’ घालू नये, अशीही मी विनंती केली. हवालदार म्हणाले, मॅडम, सवय आहे हो. उपनिरीक्षक रूपा मॅडम यांनी विनंती मान्य केली.

मी इथल्या एका दैनिकात एकतीस वर्षं नोकरी केली. आमच्या विभागाचे प्रमुख काकासाहेब म्हणून होते, ते आता हयात नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की, बाई, इथं अर्थ वाचायचा नाही. अर्थात शिरलात की अक्षर निसटतं. मजकूर संपादकाचा, भाषा आपली. मजकुराला हात लावायचा नाही, फक्त विशेषनामं तेवढी मुळातून ताडून बघायची, कारण माणसाचं नाव चुकलं तर तो दारात येऊन उभा राहतो. तपासून झालं की तळाशी ‘वाचले’ लिहून आपलं आद्याक्षर टाकायचं. माझं ‘वाचले, भा.’ असायचं. तपासलेले कागद जपून ठेवायचे, म्हणजे उद्या कुणी चूक दाखवली तर ती आपली नव्हे हे सिद्ध करता येतं. एकतीस वर्षांत मी अपघात, खून, निवडणुका, निधनवार्ता सगळं तपासलं. त्यातलं एकही माणूस मला आठवत नाही. चुका मात्र तारखेसकट आठवतात.

२०१८ साली आमचा विभाग बंद झाला. आता संगणक तपासतो असं सांगण्यात आलं. संगणक काय तपासतो ते रोज सकाळी पहिल्या पानावर दिसतंच. त्याबद्दल मला इथं काही म्हणायचं नाही.

आमच्या घरी संध्याकाळी एक मालिका लागते. तीत धाकट्या सुनेचं काम अपेक्षा गायके ही मुलगी करते. ती दौलताबादची. वडील आप्पासाहेब गायके यांची पेरूची आणि सीताफळाची बाग आहे आणि किल्ल्याच्या पायथ्याशी फळांची गाडी लागते. मी ती मालिका फक्त त्या मुलीसाठी बघत असे. ती ‘न’ आणि ‘ण’ वेगळे उच्चारते, वाक्य पूर्ण करते. आजकाल हे दुर्मिळ आहे. यजमान म्हणायचे, तू तिची मालिका बघतेस का तिची परीक्षा घेतेस.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये यजमानांच्या मोबाईलवर ‘झगमग चव्हाटा’ नावाचं पान दिसू लागलं. नटनट्यांच्या भानगडी छापणारं. ते चालवणारा देवेश हा आमच्याच भागात दोन गल्ल्या सोडून राहतो, वय अंदाजे २९, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या पानावरची भाषा वाचून माझं डोकं उठायचं. एक ओळ धड नाही. आशीर्वादाचा ‘आर्शिवाद’, अनुस्वार पाहिजे तिथं नाही आणि नको तिथं टिकल्यांसारखे चिकटवलेले. कुठल्या तरी इंग्रजी बातमीवरून यंत्रानं केलेलं भाषांतर तसंच टाकायचे. एकदा ‘विमानतळावर अभिनेत्रीला डाग पडले’ असं छापलं होतं. मुळात इंग्रजीत ‘स्पॉटेड’, म्हणजे ती विमानतळावर दिसली, एवढीच बातमी होती. आणि खाली शेकडो माणसं त्या डागांवरून तिला वाटेल ते बोलत होती. कुणाला विचारावंसं वाटलं नाही की, बाबांनो, कसले डाग.

अपेक्षा गायके वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला आली होती, तो फोटो त्या पानावर आला. खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते वाचवत नव्हतं. मुंबईत काय काय करून आली अन् आता देव आठवला का, असं. एकानं एक घाण शब्द वापरला होता. तो मी इथं सांगणार नाही. त्या शब्दातली वेलांटी त्यानं चुकवली होती. मी खाली लिहिलं की, या शब्दात पहिली वेलांटी हवी.

हे मी मुद्दाम सांगत आहे. त्या मुलीला तो शब्द का लावलास, असं मी त्याला विचारलं नाही.

मग लोक माझ्यावर तुटून पडले. आज्जी, जपमाळ ओढा. आज्जी, गॅसवर दूध उतू चाललंय. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. लोक त्या मुलीला बोलले तेव्हा गेलं होतं.

दिनांक १४ सप्टेंबर रोजी देवेश आमच्या घरी आला. चप्पल बाहेर काढली, पाया पडला. म्हणाला, “काकू, ते पान माझंच आहे. तुम्ही रोज खाली चुका काढता, लोक हसतात, माझी पण फजिती होते. त्यापेक्षा टाकायच्या आधीच बघून द्या ना. तुमच्यासारखं माणूस कुठं मिळतंय आता?” सहा वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी हो म्हटलं. मोबाईलवर वाचून मला चुका दिसत नाहीत, कागदावर दिसतात, म्हणून त्यानं छापील प्रती आणायच्या ठरलं. मोबदला मी मागितला नाही. एकच अट घातली की प्रत्येक मजकुराखाली ‘मुद्रितशोधन : भानुमती सेलूकर’ असं यावं. एकतीस वर्षांत माझं नाव कुठंही छापून आलेलं नव्हतं. देवेश हसला आणि म्हणाला, “बस इतकंच? दिलं की.”

दिनांक १६ सप्टेंबरपासून तो रोज सकाळी दहाला कागद आणून द्यायचा आणि बाराला घेऊन जायचा. त्याआधी प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स मी माझ्यासाठी काढून घेत असे. मी लाल पेन घेऊन गॅलरीत बसायचे. मला पुन्हा नोकरीला लागल्यासारखं झालं होतं. कुणाचा घटस्फोट, कुणाचं पोट सुटलं, कुणाचा नवरा कुणाबरोबर दिसला, सगळं माझ्या हाताखालून गेलं. मी वाक्यं सरळ केली, जिथं दम लागत होता तिथं तोडली, विरामचिन्हं लावली. काकासाहेबांनी शिकवल्याप्रमाणे मजकुराला हात लावला नाही. ही पद्धत मी देवेशलाही समजावून सांगितली होती. त्यानं ती नीट लक्षात ठेवली.

पान वाढलं. आधी एकोणीस हजार माणसं होती, जानेवारीपर्यंत सव्वादोन लाख झाली. खाली लोक लिहायला लागले की, इथली बातमी पक्की असते, भाषाच सांगते. हे देवेशनं मला वाचून दाखवलं. मी ते यजमानांना दाखवलं. यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त आहेत, कमी बोलतात. त्यांनी एवढंच विचारलं की, भानू, तू हे वाचतेस का नुसतं तपासतेस. मी म्हटलं, तुम्हाला त्यातलं काय कळतंय.

दिनांक १० फेब्रुवारी रोजी देवेशनं जे कागद आणले त्यात अपेक्षा गायके हिच्याबद्दलचा मजकूर होता. तो तिसऱ्या फायलीत आहे, कागद क्रमांक ५८७. मजकूर असा की, डिसेंबरमध्ये तिचे वडील पेरूची पेटी घेऊन मुंबईला तिच्या चित्रीकरणाच्या ठिकाणी गेले असता तिनं त्यांना ओळख दिली नाही. ‘आमच्या शेतावरचा गडी आहे, पेटी ठेवून घ्या आणि त्याला जायला सांगा,’ असं तिनं रखवालदाराला सांगितलं. देवेशनं ते एकाच लांबलचक वाक्यात कोंबलेलं होतं. मी ते तोडून दोन वाक्यं केली. दुसरं मुद्दाम छोटं ठेवलं, कारण छोटं वाक्य लागतं. वडिलांचं नाव त्यानं ‘अप्पा गायकवाड’ असं लिहिलं होतं. अपेक्षाच्या एका मुलाखतीवरून ही बातमी केली आहे असं तो म्हणाला, म्हणून मी ती मुलाखत मागून घेतली आणि नाव ‘आप्पासाहेब गायके, दौलताबाद’ असं दुरुस्त केलं. स्टुडिओचं नाव दुरुस्त केलं. तळाशी ‘वाचले, भा.’ लिहिलं. सदर मजकुराच्या खरेखोटेपणाची मला कल्पना नव्हती. बाराला देवेश कागद घेऊन गेला.

दिनांक १५ फेब्रुवारी रोजी दुसरा मजकूर आला. आदल्या दिवशी अपेक्षा मुंबईहून दौलताबादला आली होती. वडील फळांच्या गाडीवर होते. ती त्यांच्याशी बोलायला गेली, ते गाडी सोडून बागेकडे चालू लागले, ती मागं गेली. किल्ला बघायला आलेल्या लोकांनी मोबाईल काढले. ते चित्रण देवेशला मिळालं. मथळा होता, ‘बापाच्या दारात अभिनेत्रीचा तमाशा’. या मजकुरात सात चुका होत्या. मी साती काढल्या. कागद क्रमांक ६०२.

दिनांक ९ मार्च रोजी दुपारी चारच्या सुमारास सुदर्शन गायके आमच्या घरी आले. ते अपेक्षाचे थोरले भाऊ, बाग तेच बघतात. मजकुराखाली माझं नाव असल्यामुळे त्यांनी मला शोधून काढलं. मला वाटलं आरडाओरडा करतील. ते दाराशीच उभे राहिले. म्हणाले, “भानुमती सेलूकर तुम्हीच का?” मी व्हय म्हटलं. म्हणजे ‘हो’ म्हटलं. हवालदारांनी ‘व्हय’ लिहिलं आहे, राहू द्या, तसंच तोंडातून गेलं असेल.

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. आप्पासाहेब डिसेंबरमध्ये मुंबईला गेले होते हे खरं आहे. पेरूची पेटी घेऊन गेले होते. घरी येऊन त्यांनी बायकोला, म्हणजे द्वारकाबाईंना सांगितलं होतं की, भेटली पोरगी, लई कामात होती, पण भेटली. घरात सगळ्यांनी तेच खरं धरलं. प्रत्यक्षात ते दोन तास फाटकाबाहेर उभे होते. रखवालदारानं त्यांना आत सोडलं नाही आणि आत निरोपही दिला नाही. पेटी ठेवून घेतली. आप्पासाहेब परत आले. आपल्याला लेकीनं का भेटू दिलं नाही हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. दोन महिने ते एकटेच त्याचा विचार करत होते. मग त्या पानावरून कुणीतरी छापून काढलेला तो मजकूर त्यांच्या हातात आला.

सुदर्शन वडिलांना अण्णा म्हणतात. ते म्हणाले, “मावशी, तिच्याबद्दल आधी बी लई काय काय यायचं त्या पानावर. अण्णा हसून सोडून द्यायचे. म्हणायचे, अरे, ज्याला एक ओळ नीट लिव्हता येईना त्याला काय ठावं आपल्या पोरीचं? आन् ह्या टायमाला अण्णांनीच मला कागद दाखवला. म्हणले, हे बघ, हे कसं लिव्हलंय. हे शिकलेल्या माणसानं लिव्हलंय. माझं नाव बघ कसं बरोबर हाय.”

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी प्यायलं नाही.

मजकूर आल्यावर अपेक्षानं वडिलांना फोनवर खरी गोष्ट सांगितली होती. पेटी संध्याकाळी तिच्या खोलीत आली. पेटीवर वडिलांच्या हातानं नाव लिहिलेलं होतं, त्यावरून तिला कळलं, आणि ती मालिकेसाठी नेसलेल्या शालूसकट रस्त्यापर्यंत पळत गेली. तोवर ते निघून गेले होते. लाजेनं तिनंही तेव्हा घरी विषय काढला नाही, आणि जानेवारीत त्या मुलाखतीत ही गोष्ट सांगताना ती रडली. सुदर्शननं ती मुलाखत आप्पासाहेबांना दाखवली. ते म्हणाले, “नटी हाय ती. रडायचंच काम हाय तिचं. हे कागदावर छापलंय.” मजकुराची घडी करून ते अंगरख्याच्या खिशात ठेवत होते.

दिनांक २७ फेब्रुवारी रोजी सकाळी बागेत पाणी देताना आप्पासाहेबांना लकवा मारला. उजवी बाजू आणि वाचा गेली. ऐकू येतं, कळतं, बोलता येत नाही. ते इथल्या एका दवाखान्यात आहेत. अपेक्षा मालिकेचं काम सोडून रोज तिथं येते. ती आत आली की ते भिंतीकडे तोंड करतात. तेवढी मान त्यांना वळवता येते. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं आहे की दुसरा झटका कधीही येऊ शकतो, जे बोलायचं ते बोलून घ्या. कागदाची घडी आता उशीखाली आहे. द्वारकाबाईंनी काढायचा प्रयत्न केला तर डावा हात त्यावर ठेवतात.

मी सुदर्शन यांना म्हटलं की, मी फक्त भाषा तपासली. त्यावर ते म्हणाले, “मावशी, भांडायला नाय आलो. तक्रार दिलीय, ती चालंल तिकडं. देवेशनं पान बंद केलं, फोन बंद केला, कुठं गेला ठावं नाय. आमचं कुणाचं अण्णा ऐकंनात. त्या कागदावर नाव तुमचं हाय. ज्यानं लिव्हलं त्यानंच सांगाया पायजे, हे खोटं हाय म्हणून. एवढंच सांगा.”

मी विचार करून कळवते असं सांगितलं. ते गेले. संध्याकाळी मालिका लावली नाही. मी तिन्ही फायली काढून बसले आणि पहिल्या कागदापासून वाचत गेले. त्याला मला आठ दिवस लागले. तपासायला मी कधी एका कागदाला चार मिनिटांपेक्षा जास्त घेतली नव्हती.

त्या आठ दिवसांत मला काय वाटलं ते हवालदारांनी विचारलं. ते लिहून घेण्यासारखं नाही.

इथपर्यंत जबाब झाल्यावर हवालदार राजकुमार तो मला वाचून दाखवू लागले. मी त्यांना थांबवलं आणि कागद मागून घेतले. सुदर्शन गायके बाहेरच्या बाकावर बसलेले होते, त्यांना आत बोलवावं अशी मी विनंती केली. त्यांना उपनिरीक्षक मॅडम यांनी आत बसवलं.

तिसऱ्या पानावर, १० फेब्रुवारीच्या परिच्छेदात एक वाक्य आहे. ‘सदर मजकुराच्या खरेखोटेपणाची मला कल्पना नव्हती.’ हे वाक्य मी बोललेलं नाही. ते हवालदारांनी आपल्या मनानं घातलं आहे. विचारल्यावर ते म्हणाले की, “मॅडम, राहू द्या ते. तुमच्याच भल्यासाठी लिहिलंय. माझी आई तुमच्याएवढी आहे.” उपनिरीक्षक मॅडम यांनी मला समजावून सांगितलं की, ते वाक्य आहे तोवर मी साक्षीदार आहे, ते काढलं तर माझं नाव देवेशच्या शेजारी येऊ शकतं, तेव्हा घरी जाऊन विचार करा, वकिलाशी बोला, उद्या या. त्या चांगल्या मनानं बोलत होत्या. यजमानांना फोन लावून देऊ का असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

त्या वाक्यात भाषेची एकही चूक नाही. एकतीस वर्षांत अशी वाक्यं मी हजारांनी पुढं सोडली. तरीही ते काढावं, कारण ते खोटं आहे.

मला कल्पना होती. नाव ताडून बघण्यासाठी देवेशकडून मागून घेतलेली ती मुलाखत बावीस मिनिटांची होती आणि मी ती संपूर्ण पाहिली होती. तीत अपेक्षा म्हणाली, “अण्णा दोन तास उभे होते आणि मला कुणी सांगितलं नाही. ते मला भेटले असं घरी सांगतात. माझी इज्जत ठेवतात ते.” हे तिचे शब्द आहेत. मी तिथं मुलाखत थांबवून वडिलांचं नाव लिहून घेतलं होतं. चष्मा पुसला होता. गडी हा शब्द त्या बावीस मिनिटांत एकदाही नाही. मग मी देवेशचा कागद पुढं ओढला.

देवेश कागद न्यायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं होतं की, मुलाखतीत असं काही नाही रे. तो म्हणाला, “काकू, मजकुरात पडू नका ना. तुम्हीच सांगितलं होतं.” मी कागद त्याच्या हातात दिला. नियम माझाच होता. आणि खाली माझं नाव येणार होतं.

म्हणून खालील गोष्ट आप्पासाहेब गायके यांच्यासाठी वेगळी लिहून घ्यावी. आप्पासाहेब, तुमच्या उशीखाली जो कागद आहे तो खोटा आहे. त्यातलं तुमचं नाव तेवढं खरं आहे, ते मी बरोबर केलं. बाकी देवेशनं रचलं आणि मी ते खरं वाटेल असं केलं. तुमच्या मुलीनं तुम्हाला गडी म्हटलेलं नाही. ती तुमच्यामागं रस्त्यापर्यंत धावली होती, हे मला तुमच्याआधी माहीत होतं. मी शिकलेली आहे, हे तुम्ही ओळखलंत ते बरोबर होतं. त्यावरून पुढं जे धरलंत ते चुकलं. ती चूक तुमची नाही.

तिसऱ्या पानावरचं ते वाक्य मी माझ्या लाल पेनानं खोडलं आहे, समासात काढून टाकण्याची खूण केली आहे आणि पद्धतीप्रमाणे तिथं सही केली आहे. माझ्या आयुष्यात मजकुराला लावलेला हा पहिला हात.

हा जबाब मला दुसऱ्या कुणी वाचून दाखवलेला नाही. तो मी स्वतः, हवालदार राजकुमार आणि उपनिरीक्षक रूपा मॅडम यांच्या समोर, पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला. खोडलेलं वाक्यही वाचलं आणि ते का खोडलं तेही वाचलं. सुदर्शन गायके यांनी परवानगी घेऊन ते मोबाईलवर भरून घेतलं आहे, दवाखान्यात ऐकवण्यासाठी. वाचताना मी फक्त अर्थ पाहिला. तो खरा आहे.

वाचले.

(सही)
भानुमती अनंतराव सेलूकर

समक्ष : (सही) पोलीस हवालदार राजकुमार
वेळ दुपारी २ वाजून ०५ मिनिटे